२७–६ : कार्लाइलच्या पोरांचा १९१२ चा सीझन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे या एपिसोडचं लिखित रूप.

तारीख ९ नोव्हेंबर १९१२. ठिकाण वेस्ट पॉइंट, म्हणजे अमेरिकन सैन्याचे अधिकारी जिथे घडवले जातात ती अकादमी. मैदानात एका बाजूला हे भावी अधिकारी, दुसऱ्या बाजूला कार्लाइल इंडियन स्कूलची टीम. इथे 'इंडियन' म्हणजे आपण नव्हे हं. अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातींची ही मुलं. आणि फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल: लांबट चेंडू, तो हातात धरून पळायचं आणि समोरच्याने तुम्हाला आडवं करायचं.

आता जरा मागे जाऊ. १८९० च्या डिसेंबरमध्ये, वूंडेड नी इथे याच सैन्याने लकोटा जमातीच्या बायका-मुलांसकट शेकडो लोकांना मारलं. त्याला जेमतेम २२ वर्षं झालेली. मी हा स्कोअर पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ती फक्त एक मॅच वाटली होती. ही तारीख शेजारी ठेवली आणि चित्रच बदललं.

पण गोष्ट मैदानात नाही, शाळेत सुरू होते. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावी, सैन्याच्या जुन्या बराकींमध्ये, रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये ही सरकारी निवासी शाळा काढली. दूरदूरच्या जमातींची मुलं तिथे आणली जायची. आल्या आल्या केस कापायचे, इंग्रजी नाव द्यायचं, अंगावर गणवेश चढवायचा आणि घरची भाषा बोलायला बंदी. हेतू लपवलेला नव्हता: मुलातला 'इंडियन' संपवायचा. कित्येक मुलं आजाराने तिथेच गेली. शाळेला स्वतःचं कब्रस्तान होतं, एवढं सांगितलं तरी पुरे.

अशा शाळेत फुटबॉल रुजला. नावाला ही 'इंडस्ट्रियल स्कूल', पण टीम खेळायची मोठमोठ्या कॉलेजांशी. कोच होता पॉप वॉर्नर. कार्लाइलचे बरेच खेळाडू अंगाने समोरच्यांपेक्षा हलके, त्यामुळे ताकदीपेक्षा वेग आणि चकवा यावर भर. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकायला नियमाने परवानगी मिळाली आणि पुढच्याच वर्षी कार्लाइलने ते शस्त्र असं वापरलं की बाकीचे बघत राहिले.

१९१२ मध्ये टीमकडे होता जिम थॉर्प, सॅक अँड फॉक्स जमातीचा. त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन, दोन्हींत सुवर्ण जिंकून आलेला. सोबत क्वार्टरबॅक गस वेल्च, आणि जो गायन.

सीझन कसा गेला ऐका. ऑलब्राइट ५०–७. व्हिलानोव्हा ६५–०. वॉशिंग्टन अँड जेफरसनशी ०–० बरोबरी. मग सिरॅक्यूज ३३–०, पिट्सबर्ग ४५–८. आणि मग वेस्ट पॉइंट.

हाफटाइमला स्कोअर होता कार्लाइल ७, आर्मी ६. काहीही होऊ शकलं असतं. दुसऱ्या हाफमध्ये मात्र वॉर्नरच्या नव्या मांडणीने आर्मीला पुरतं गोंधळवलं. चेंडू नक्की कुणाकडे आहे हेच कळेना. थॉर्प तर पकडीतच येईना. आर्मीचा कॅप्टन लीलँड डेव्होर इतका भडकला की गायनवर धावून गेला आणि पंचांनी त्याला बाहेर काढलं. शेवट २७–६. आर्मीकडून थॉर्पला अडवायला धडपडणाऱ्यांत एक कॅडेट होता ड्वाइट आयझेनहॉवर. हो, तोच. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला.

सिनेमा असता तर इथेच 'समाप्त'ची पाटी लागली असती. पण पुढच्याच शनिवारी कार्लाइल पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ३४–२६ ने हरलं. सीझनमधली ती एकमेव हार. शेवटच्या मॅचमध्ये ब्राऊनला ३२–० हरवून हिशेब लागला: १४ मॅचेस, १२ विजय, १ बरोबरी, १ पराभव.

मग आला जानेवारी १९१३. थॉर्पने १९०९ आणि १९१० मध्ये नॉर्थ कॅरोलायनात थोड्याशा पैशांसाठी बेसबॉल खेळल्याची बातमी फुटली. तेव्हा ऑलिंपिकला फक्त हौशी खेळाडू चालायचे. कॉलेजची बरीच मुलं सुट्टीत असं खेळायची, पण खोट्या नावाने. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला. तक्रार ३० दिवसांच्या आत करायचा नियम होता, ती मुदत केव्हाच संपलेली. तरी पदकं काढून घेतली. वॉर्नर म्हणाला, मला काही ठाऊकच नव्हतं. आपल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूचे दोन उन्हाळे कोचला माहीत नसतात? मला तरी हे पटत नाही.

आणि आता तो भाग, जो हायलाइट्समध्ये कधी येत नाही. सीझननंतर गस वेल्चने शाळेच्या कारभाराविरुद्ध अर्ज तयार केला आणि दोनशेहून जास्त विद्यार्थ्यांनी त्यावर सह्या केल्या. १९१४ मध्ये अमेरिकन काँग्रेसची चौकशी समिती कार्लाइलला आली. मुलांना मिळणारी वागणूक, फुटबॉलच्या कमाईचा हिशेब, सगळं बाहेर निघालं. शाळेच्या प्रमुखाला जावं लागलं. वॉर्नरही लवकरच पिट्सबर्गला गेला. १९१८ मध्ये शाळा बंद झाली.

म्हणून २७–६ ला नुसता 'बदला' म्हणणं मला अपुरं वाटतं. मॅच पोरांनी जिंकली, पण तिकिटाचा पैसा आणि कौतुक शाळेच्या खात्यात गेलं. संकट आलं तेव्हा शाळेने हात झटकले. मैदानावर शिकलेली एकजूट पोरांनी त्या अर्जात वापरली, आणि माझ्या मते त्यांची सगळ्यात मोठी मॅच तीच.

थॉर्प १९५३ मध्ये गेला. पदकं परत द्यायचा निर्णय १९८२ मध्ये झाला, तोही 'संयुक्त विजेता' म्हणून. एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव लागायला २०२२ उजाडलं. आणि कार्लाइलच्या कब्रस्तानातली मुलं? २०१७ पासून त्यांचे अवशेष त्यांच्या जमाती एकेक करून घरी नेताहेत. ते काम अजून सुरू आहे.

पुढच्या वेळी एखादा जुना स्कोअर दिसला, तर त्याच्या शेजारी त्या काळातली दुसरी एखादी तारीख ठेवून बघा. काय दिसलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!