बंद कपाट आणि उघडी फळी

शासकीय शाळेत आलेली वस्तू प्रथम जडसंग्रह नोंदवहीत जाते. मुलांच्या हाती ती पोहोचते त्यानंतर. नोंदवहीत वस्तूचे नाव, संख्या आणि किंमत लिहिली जाते. पडताळणीच्या वेळी दोन ठोकळे कमी भरले तर उत्तर द्यावे लागते ते शिक्षकाला. म्हणून साहित्य कपाटात ठेवून कुलूप लावले जाते आणि किल्ली टेबलाच्या खणात जाते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. तरीही विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वर्गात या कुलपाचा अर्थ फार गंभीर होतो. बंद कपाटातली वस्तू मागावी लागते, आणि मागणे हेच ज्या मुलाला जमत नाही, त्याच्यासाठीच तर ती आणलेली असते. हाताने शिकण्याच्या साधनांचा इतिहास या कुलपाच्या संदर्भात पुन्हा पाहण्याजोगा आहे.

या इतिहासाचा आरंभ फ्रान्समध्ये होतो. अवेरोंच्या रानात सापडलेला, बोलता न येणारा एक मुलगा १८०० साली पॅरिसला आणला गेला. त्याला शिकवण्याचे काम ज्याँ इतार या तरुण वैद्याने हाती घेतले. या मुलाला, म्हणजे व्हिक्टरला, वस्तू जागच्या जागी असण्याची विलक्षण ओढ आहे, हे इतारने हेरले. त्याने फळ्यावर काही वस्तूंची चित्रे काढली आणि प्रत्येक चित्राखाली ती ती वस्तू टांगली. पुढे वस्तू काढून हाती दिल्या, की व्हिक्टर त्या अचूक परत लावू लागला. परंतु इतारला शंका आली. त्याने चित्रांच्या जागा बदलल्या, आणि व्हिक्टरने वस्तू जुन्याच क्रमाने टांगल्या. तो चित्र ओळखत नव्हता, जागा ओळखत होता. मग वस्तूंची संख्या आणि क्रम पुन्हा पुन्हा बदलत इतारने त्याला चित्र व वस्तू यांची तुलना करण्यापर्यंत नेले. ठरलेली जागा मुलाला आधार देते आणि शिक्षकाला फसवूही शकते, हा धडा दोनशे वर्षांपूर्वीचा आहे.

इतारचा शिष्य एदुआर सेगँ याने खोबणीत आकार बसवण्याच्या फळ्यांसारखी साधने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी वापरली. त्याचा ग्रंथ मारिया मॉंटेसरी यांनी स्वतःच्या हाताने उतरवून काढला. १९०० च्या सुमारास रोममधील ज्या संस्थेत त्यांनी ही साधने वापरली, तिथे तत्कालीन समाजाने टाकून दिलेली मुले लिहू-वाचू लागली. १९०७ साली सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले, तेव्हा तीच साधने अन्य मुलांच्या हाती गेली. आज ‘मॉंटेसरी’ म्हटले की शहरातील महागडी बालवाडी डोळ्यांपुढे येते. पण त्या वस्तूंचे मूळ घर विशेष मुलांचा वर्ग हे आहे.

त्या बालगृहातही आरंभी कपाटाला कुलूपच होते, आणि बाई साहित्य काढून वाटत असत. एके दिवशी कुलूप लावायचे राहिले. बाई पोहोचल्या तेव्हा मुले आपापली साधने घेऊन कामाला लागलेली होती. बाईंना ही चोरी वाटली, मॉंटेसरींना ती निवड दिसली. त्यांनी उंच कपाटाऐवजी मुलांच्या हाताला येतील अशी ठेंगणी, उघडी कपाटे करवून घेतली. ज्या वस्तूंना मुले हात लावत नव्हती, त्या काढून टाकल्या.

हा विचार महाराष्ट्रात रुजवण्याचे मोठे श्रेय ताराबाई मोडक यांचे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह काम केल्यानंतर त्यांनी १९४५ साली अनुताई वाघ यांना सोबत घेऊन बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग मांडला. विकत आणलेल्या साधनांची जागा शिंपले, बिया, खडे, पाने यांनी घेतली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात गेली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्याला मिळाला. अंगणात कपाट नसते, ही गोष्ट लहान वाटली तरी महत्त्वाची आहे.

बोर्डीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तिथून तो १९४८ साली मुक्त झाला. अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना १९७४ ची, अपंग व्यक्तींचा कायदा १९९५ चा, दिव्यांग हक्कांचा आजचा कायदा २०१६ चा. सर्व शिक्षा अभियानाबरोबर फिरते विशेष शिक्षक आणि साहित्याचे संच गावोगाव पोहोचू लागले. म्हणजे वस्तू आल्या. त्यांच्यामागची उघडी फळी मात्र आपोआप आली नाही.

ती आणायला फार खर्च लागत नाही. मराठवाड्याच्या जुन्या माळवदी घरांतले भिंतीतले कोनाडे आणि मोठ्या मडक्यावर लहान मडके अशी रचलेली उतरंड आठवावी. लहान-मोठ्याचा क्रम आणि वस्तूची ठरलेली जागा या दोन्ही गोष्टी त्या घराला ठाऊक होत्या. वर्गात फळी मुलाच्या, चाकाच्या खुर्चीवरील मुलाच्याही, हाताच्या उंचीवर असावी. एका तबकात एकच काम असावे. भाराभर वस्तू एकत्र ठेवल्या की स्वमग्न मूल गोंधळते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात १९७२ पासून एरिक शॉप्लर यांच्या कार्यक्रमाने घडवलेली रीत इथे उपयोगी पडते: काम डावीकडून उचलायचे, मध्ये करायचे, झालेले उजवीकडच्या टोपलीत टाकायचे. काम किती आहे आणि कधी संपले, हे मुलाला न सांगता कळते. तुळजापूरच्या बाजारातल्या कवड्या मोजण्यासाठी उत्तम. अल्पदृष्टी मुलासाठी त्यांच्याखाली काळे कापड अंथरावे. अंध मुलासाठी फळीच्या कडेला स्पर्शाची खूण असावी आणि त्याला न सांगता जागा बदलू नये. वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलापासून मात्र कवड्या आणि चिंचोके दूरच ठेवावेत. उघडी फळी म्हणजे निष्काळजी फळी नव्हे. आणि मूल वस्तू सहज जागेवर ठेवू लागले, की इतारप्रमाणे एकदा क्रम बदलून पाहावा.

राहिला प्रश्न नोंदवहीचा. बिया, खडे, कवड्या हे झिजणारे, हरवणारे साहित्य आहे. ते जडसंग्रहात चढवण्याचे कारण नाही. जे चढवावेच लागते, त्यातले मोडलेले वेळच्या वेळी निर्लेखित करावे, आणि ती शिक्षकाची कसूर समजली जाऊ नये. जडसंग्रहातील वस्तू दहा वर्षांनंतरही नवीकोरी निघाली, तर तपासणीत शेरा चांगला मिळतो. खरे तर त्याच वेळी विचारायला हवे, की या दहा वर्षांत ती कोणाच्या हातात गेली होती.