एनएसएस शिबिर : गावकुसाबाहेरच्या वस्तीचीही नोंद घ्या

राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजेच एनएसएस, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला तोही २४ सप्टेंबरलाच, १८७३ साली. योगायोग खरा, पण आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावा असा.

स्वयंसेवक विद्यार्थ्याने दरवर्षी १२० तास, असे दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते. शिवाय दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर होते. श्रमदान, वृक्षारोपण, ग्रामस्वच्छता, सर्वेक्षण ही त्यातली नेहमीची कामे.

आमचे सांगणे सर्वेक्षणाबद्दल आहे. मुख्य रस्ता झाडला, समारोप झाला आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीत कोणी फिरकलेच नाही, तर गाव अर्धेच पाहिले असे होते. म्हणून घरोघरी जाऊन विचारा : नळाला पाणी येते का? घरकुल मिळाले का? मुलांचा जातीचा दाखला काढला आहे का? दहावीनंतर कोणाचे शिक्षण थांबले? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. तो कसा भरायचा हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते, अनेक पालकांना नसते. तिथेच बसून भरून द्या.

ग्रामसभेचे सदस्य गावचे मतदार असतात. विद्यार्थी तिथे पाहुणेच. तेव्हा केलेली नोंद वस्तीतील माणसांच्या, विशेषतः महिलांच्या हाती द्या. प्रश्न त्यांनीच ग्रामसभेत मांडावेत. शिबिर आठवड्यात उठते, पाठपुरावा मात्र त्यांनाच करायचा असतो.