दुपारी १ वाजून २४ मिनिटे

३१ डिसेंबर २०१७, पुणे. शनिवारवाड्यासमोर एल्गार परिषद भरली. दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमात दगडफेक, जाळपोळ. कोरेगाव भीमाला जाणाऱ्या नगर रोडवरच, पुण्याच्या बाजूला, रामवाडीला, जेझुइट या ख्रिस्ती संघाच्या धर्मगुरूंचं दि नोबिली कॉलेज आहे. पण ज्या जेझुइटाचं नाव पुढे या प्रकरणात आलं, ते फादर स्टॅन स्वामी रांचीला आदिवासींच्या जमिनींसाठी काम करत होते. कोरेगाव भीमाला आपण कधी गेलोच नाही, असं त्यांनी अटकेआधी सांगून ठेवलं होतं.

८ जानेवारी २०१८. एल्गार परिषदेबद्दल विश्रामबाग पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल.

२८ ऑगस्ट २०१८. पुणे पोलीस रांचीजवळच्या ‘बगाईचा’ केंद्रात. खोलीची झडती झाली, अटक नाही.

८ ऑक्टोबर २०२०, संध्याकाळ. आता तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे (एनआयए). अटक. वय ८३, हातांना पार्किन्सनचा कंप. बंदी असलेल्या माओवादी पक्षाशी संबंध असल्याचा आरोप त्यांनी नाकारला. दुसऱ्या दिवशी रवानगी तळोजा तुरुंगात.

६ नोव्हेंबर. पेला हातात धरवत नाही, म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मिळावा असा अर्ज. उत्तरासाठी एनआयएला २० दिवस.

२६ नोव्हेंबर. एनआयएचं उत्तर: आम्ही सिपर जप्त केलेला नाही. कोर्टाने तुरुंगाकडून वैद्यकीय अहवाल मागवला. पुढची तारीख ४ डिसेंबर. सिपर बाजारात मिळतो, हे बहुधा सगळ्यांनाच ठाऊक असावं.

२२ मार्च २०२१. विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. त्यानंतर अकराव्या दिवशी उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) होता.

२१ मे. उच्च न्यायालयासमोर तुरुंगातून व्हिडिओद्वारे. आलो तेव्हा स्वतः चालत होतो, जेवत होतो, अंघोळ करत होतो. आता एकेक सुटत चाललं आहे, असं त्यांनी सांगितलं. न्यायमूर्तींनी रुग्णालयात हलवण्याची तयारी दाखवली. त्यांनी नको म्हटलं. अंतरिम जामीन द्या, मला माझ्या माणसांत राहू द्या. नाहीतर इथेच मेलो तरी चालेल. या घटनाक्रमात त्यांच्या हातात असलेला निर्णय हा एवढाच. वधस्तंभावरच्या हरण्यालाच जिंकणं मानणाऱ्या धर्मात त्यांची हयात गेली होती; तरी त्या दिवशी त्यांनी हौतात्म्य मागितलं नाही, घर मागितलं. जामिनाचा निर्णय त्या दिवशी झाला नाही.

२८ मे. अखेर खासगी रुग्णालयाला होकार. कोर्टाचा आदेश: वांद्र्याच्या होली फॅमिलीत १५ दिवस.

३० मे. कोविड पॉझिटिव्ह. मुक्काम वाढत गेला.

३ जुलै, शनिवार. फादर अजून अतिदक्षता विभागात आहेत, असं वकील मिहिर देसाई यांनी उच्च न्यायालयाला सांगितलं. जामिनावर पुढची तारीख मंगळवार, ६ जुलै.

४ जुलै, रविवार, पहाटे ४.३०. हृदयक्रिया बंद पडली. व्हेंटिलेटर. शुद्ध परत आली नाही.

५ जुलै, सोमवार. मंगळवारपर्यंत थांबता येणार नव्हतं. देसाईंनी तातडीने सुनावणी मागितली. मिळाली: दुपारी २.३०.

१.२४. मृत्यू घोषित.

२.३०. न्यायमूर्ती एस. एस. शिंदे आणि एन. जे. जमादार यांच्यासमोर जामिनाचा अर्ज. देसाई म्हणाले, आधी डॉक्टरांना काही सांगायचं आहे. रुग्णालयाच्या वैद्यकीय संचालकांनी वेळ सांगितली. न्यायमूर्तींनी धक्का बसल्याचं बोलून दाखवलं.

अर्ज ६६ मिनिटं उशिरा पुकारला गेला होता.

वय ८४. अटकेला जवळपास नऊ महिने झाले होते, आरोप निश्चित झालेले नव्हते. मृत्यूने त्यांच्यापुरता खटला संपला. दोषी की निर्दोष, हे कोर्टाने ठरवलंच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जमशेदपूर प्रांताच्या जेझुइटांनी त्यांच्या नावावरचा डाग पुसावा म्हणून उच्च न्यायालयात याचिका केली.