भोंगा वाजला, बाळ कुणाकडे?

आजच्या भागाची सुरुवात एका स्टोअररूमपासून करते.

मी लोअर परळला नोकरी करते. मुलगा सहा महिन्यांचा झाला आणि मी पुन्हा कामावर रुजू झाले. ऑफिसात आयांसाठी वेगळी खोली नव्हती. त्यामुळे दूध काढायला मी स्टोअररूममध्ये जायचे, जुने प्रिंटर आणि खोक्यांच्या मधोमध. दाराला आतून कडी नव्हती, म्हणून खुर्ची टेकवून बसायचे. तिथे एक छोटी खिडकी होती आणि खिडकीतून एका बंद गिरणीची चिमणी दिसायची. लोअर परळचे बरेचसे काचेचे टॉवर गिरण्यांच्याच जमिनीवर उभे आहेत, हे तुम्हाला माहीत असेलच.

एका दुपारी तिथे बसल्या बसल्या मला रडू फुटलं. कारण विचाराल तर काहीच नाही. घरी सासूबाई बाळाला जीव लावून सांभाळत होत्या. नवरा बरा होता. बॉसही ओरडला नव्हता. पण घरी असले की डोक्यात ऑफिसचं अर्धवट राहिलेलं काम, आणि ऑफिसात असले की डोक्यात बाळ. कुठेच धड नाही. रात्री झोप लागेना, आणि लागली तरी दचकून जाग यायची.

पुढे मी समुपदेशकाकडे गेले, त्याबद्दल शेवटी बोलते. पण त्या दिवशी चिमणीकडे बघताना एक साधा प्रश्न पडला. या चिमणीखाली शंभर वर्षांपूर्वी बायका काम करत होत्याच की. मग भोंगा वाजल्यावर त्या आपली बाळं कुठे ठेवत असतील? आजचा भाग त्याच प्रश्नाचा आहे.

दहा बाय बाराची खोली आणि अकरा तासांचा दिवस

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी काढली आणि दोनेक वर्षांत ती सुरू झाली. मग एकामागून एक गिरण्या आल्या. परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी, नायगाव असं गिरणगाव वसलं. रत्नागिरीकडून, घाटावरून माणसं आली. त्यांच्यात बायकाही होत्या. काही नवऱ्यामागे आल्या, काही नवरा गेला म्हणून आल्या, काहींना नवऱ्यानं टाकलं होतं. १९२० च्या दशकात गिरण्यांतल्या दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती.

त्या प्रामुख्याने वाईंडिंग आणि रीलिंग खात्यात असायच्या. म्हणजे सूत गुंडाळायचं, लडी करायच्या. काम उक्तं, जितकी लड तितके पैसे. वर देखरेखीला नायकीण. तिची मर्जी सांभाळावी लागे, कधी हातही ओले करावे लागत.

आता तासांचं बघा. १८९१ च्या कायद्यानं बायकांचं काम दिवसाला ११ तासांवर आणलं. म्हणजे त्याआधी किती असेल ते तुम्हीच समजा. १९२२ मध्ये सगळ्यांसाठीच दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास ही कमाल मर्यादा झाली. हे झालं गिरणीतलं काम. त्याच्या आधी आणि नंतर चाळीतल्या सामायिक नळावरचं पाणी, चूल, भाकऱ्या, धुणं होतंच.

गंमत म्हणजे उक्त्यावर असलेल्या बायकांना गिरणीत थोडं उशिरा यायची मुभा असे. घरचं रांधून, आवरून त्या यायच्या. आजच्या भाषेत फ्लेक्सी टायमिंग! पण जितका वेळ कमी, तितका पगार कमी. स्वयंपाकाच्या तासाचे पैसे बाईच्याच खिशातून जायचे. ही सवलत होती की दंड, हे तुम्ही ठरवा.

बाळागोळी

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद झाली. तिथे बाळंतपणाच्या रजेचा करार झाला आणि हिंदुस्थानातल्या परिस्थितीची पाहणी करायचं ठरलं. मुंबईत हे काम डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी केलं. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाबद्दलचा त्यांचा अहवाल १९२२ चा आहे.

त्या अहवालातली एक गोष्ट वाचून मी मोबाईल खाली ठेवला. कामावर जाणाऱ्या बायकांची जवळजवळ सगळी तान्ही बाळं अफूवर होती. छोट्या गोळ्या मिळायच्या. नाव होतं बाळागोळी. सकाळी आई गोळी द्यायची, बाळ गुंगीत पडून राहायचं, संध्याकाळी आई परत यायची. अफू काही चोरून आणावी लागत नव्हती. ती सरकारी परवान्याच्या दुकानात मिळायची आणि तिच्यावरचा कर सरकारी तिजोरीत जायचा.

गुंगीतलं बाळ रडत नाही, पण दूधही मागत नाही. मुंबईतले बालमृत्यूचे आकडे तेव्हा भयानक होते. १९२१ मध्ये नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६०० च्या वर बाळं वर्षाच्या आत गेली. या आकड्यात थोडी गफलत आहे, कारण बऱ्याच बायका बाळंतपणाला गावी जायच्या. जन्म तिकडे नोंदला जायचा आणि मृत्यू इकडे. पण ती गफलत वजा केली तरी उरतं ते अंगावर काटा आणणारंच आहे. एका खोलीच्या बिऱ्हाडांत ही परिस्थिती सगळ्यात वाईट होती. अफू हे त्याचं एकमेव कारण नव्हतं. दाटीवाटी, घाण पाणी, रोगराई, बाळंतपणापर्यंत उभ्यानं केलेलं काम, सगळंच होतं.

मंडळी, इथे क्षणभर थांबूया. आपल्या मनात पहिला विचार काय आला? ‘कसल्या या आया?’ असाच ना? माझ्याही आला. त्या काळच्या शिकल्यासवरल्या लोकांच्याही मनात तोच आला. आया अडाणी आहेत, त्यांना शिकवा, समजवा!

पण त्या बाईच्या जागी उभं राहून बघा. शेजारीण स्वतःच गिरणीत. सासू गावाला. मोठी पोरगी असेल तर ती सहा वर्षांची. बाळाला गिरणीत न्यावं तर आत कापसाची भुकटी आणि फिरते पट्टे. घरी थांबावं तर भाडं कुठून द्यायचं? तिला आपण काय करतोय हे कळत नसेल असं मला वाटत नाही. अकरा तास हात लडीवर आणि मन त्या गुंगीतल्या बाळापाशी, ही अवस्था काय असते हे अहवालात नसतं. अहवालात बाळाचं वजन असतं, खोलीचं माप असतं. ‘बाई, तुला झोप लागते का?’ हे तिला कुणी विचारल्याचं मला कुठे सापडलं नाही.

आठ आणे रोज

तरी काही माणसांनी प्रश्न वेगळ्या बाजूनं विचारला. ‘आई अशी का वागते?’ हे बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, ‘तिला विश्रांती कोण देणार, आणि तिचे पैसे कोण भरणार?’

ना. म. जोशींनी दिल्लीच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं. ते फेटाळलं गेलं. मग १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात रा. सा. आसवले यांनी विधेयक मांडलं. त्याला पाठिंबा देणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे. म्हणून खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारनं उचलायला हवा. पण बाईच्या कामातून मालकालाही फायदा होतो, तेव्हा त्यालाही हात झटकता येणार नाहीत.

१९२९ मध्ये कायदा झाला. हिंदुस्थानातला अशा प्रकारचा हा पहिला. बाळंतपणाच्या आधीचे तीन आणि नंतरचे चार आठवडे, रोज आठ आणे. देणार कोण? मालक.

आणि इथेच गोची झाली. सगळा खर्च एकट्या मालकावर पडल्यावर काही मालकांनी बायका घेणंच कमी केलं. त्यात नवी यंत्रं आली. दोन पाळ्या सुरू झाल्या आणि बायकांना रात्रपाळीची बंदी होती. स्वातंत्र्यापर्यंत गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण बरंच खाली आलं. पुढे तर ‘गिरणी कामगार’ म्हटलं की डोळ्यांसमोर पुरुषच येऊ लागला. १९८२ च्या संपाच्या गोष्टीतही बाई आपल्याला घरात खानावळ चालवताना दिसते, खात्यात कमीच.

पाळणाघराचं काय झालं? १९३४ च्या कायद्यानं प्रांतिक सरकारांना मुभा दिली की ५० पेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्यात मुलांसाठी खोली ठेवायचा नियम करावा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात ते बंधनकारक झालं, आणि १९७६ मध्ये ती संख्या ३० वर आली. म्हणजे पाळणाघर सक्तीचं होईपर्यंत कारखान्यातल्या बाईंचं प्रमाणच घटलं होतं.

पण ऐकतं कोण?

या सगळ्यात बायका स्वतः गप्प होत्या असं समजू नका. उषाताई डांगे यांचं नाव लक्षात ठेवा. लहान वयात वैधव्य आलं, पुढे त्या परिचारिका झाल्या आणि कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यात डांगे पकडले गेले. त्यांची मुलगी रोझा त्याच वर्षीची. नवरा तुरुंगात, पदरात तान्ही पोर, आणि ही बाई गिरणीतल्या बायकांना संघटित करत होती. ती रोझा पुढे खासदार झाली.

उषाताईंनी आत्मचरित्र लिहिलं. त्याचं नाव आहे ‘पण ऐकतं कोण?’ या तीन शब्दांवर मी कितीतरी वेळ थांबले होते.

गोळीचं नाव बदललं?

आता परत माझ्या स्टोअररूममध्ये येऊया.

२०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा २६ आठवडे झाली. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघरही बंधनकारक झालं. सात आठवड्यांवरून २६ म्हणजे फार मोठा पल्ला. ती रजा मी घेतली, आणि त्यासाठी कुण्या अनोळखी रीलिंगवालीची ऋणी आहे. पण ईएसआयसीखाली येणाऱ्या बायका सोडल्या तर तो पगार आजही मालकानंच द्यायचा आहे. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी सांगितलेला सरकारचा मोठा वाटा अजून आलेला नाही. मग मुलाखतीत ‘लग्नाचा काय विचार?’ हा प्रश्न आडून आडून का येतो, ते कळतं.

आणि घरात? सरकारच्या वेळ-वापर पाहणीनुसार २०१९ मध्ये घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होती, आणि घरकाम करणारा पुरुष ९७. २०२४ मध्ये बाईची मिनिटं २८९ झाली. दहा मिनिटं कमी झाली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषाची ८८ झाली होती. त्यानेही नऊ कमी केली!

माझ्या ऑफिसनं मात्र आम्हाला ध्यानाचं ॲप दिलं. दर शुक्रवारी ताण कमी करण्यावर ऑनलाइन व्याख्यान. मी पाळणाघराचं विचारलं तर उत्तर आलं की जागेची अडचण आहे. तेव्हा मला बाळागोळी आठवली. तेव्हा बाळ शांत राहावं म्हणून बाळाला गोळी होती. आता आई शांत राहावी म्हणून आईला.

गैरसमज नको. मदत घेणं म्हणजे बाळागोळी घेणं नव्हे. समुपदेशनानं मला खरोखर बरं वाटलं, झोप परत आली. तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला असं होत असेल तर डॉक्टरांशी बोला. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं. पण माझ्या समुपदेशक बाईंनीच मला एक प्रश्न विचारला होता. ‘तुझ्या ताणातला किती तुझ्या मनातला आहे, आणि किती दाराला कडी नसण्याचा आहे?’

आम्ही नऊ जणींनी मिळून अर्ज दिला. पाळणाघर अजून झालेलं नाही. एक खोली मिळाली, आणि तिला आतून कडी आहे. नवरा आता मंगळवारी आणि गुरुवारी लवकर येतो, आणि त्या दिवशी त्याचं नाव ‘मदत करणारा’ नसतं, ‘बाबा’ असतं.

जाता जाता तुमच्यासाठी एक काम. आज घरी गेलात की आईला, आजीला, मावशीला विचारा, ‘तू कामावर जायचीस तेव्हा मला कोण सांभाळायचं? आणि तेव्हा तुला कसं वाटायचं?’ काम म्हणजे नोकरीच असं नाही. शेत असेल, खानावळ असेल, चार घरची धुणीभांडी असतील. फोन हातात आहेच, रेकॉर्ड करा. मी माझ्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, ‘खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे ठेवायचे तुला,’ आणि मग बराच वेळ गप्प राहिली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला कुणी हे विचारलं होतं.

पुढच्या भागात भेटूया. काळजी घ्या.