दोन पाय, एक टाळी

घाटंजीच्या मांडवात विलायती रॉक बँडचा विषय ऐकून कोणास हसू येईल. पण त्याचा एक धागा महाराष्ट्रातूनच जातो.

1946 साली झांझिबार बेटावर एका पारशी घरात फारूख बलसारा जन्मला. वडील इंग्रज सरकारच्या कचेरीत रोखपाल. मुलाला शिक्षणासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवले. तेथे 1958 च्या सुमारास त्याने सोबत्यांसह 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. 1964 च्या झांझिबारमधील क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडात गेले. ब्रायन मे व रॉजर टेलर ह्यांच्याबरोबर 1970 साली 'क्वीन' उभा करणारा फ्रेडी मर्क्युरी तो हाच.

1977 साली स्टॅफर्ड येथे कार्यक्रम संपल्यावर श्रोते आपण होऊन गाऊ लागले. मे विचारात पडले : दाटीत उभ्या माणसांना करता काय येईल? पाय आपटता येतील, टाळी देता येईल. त्यातून 'वुई विल रॉक यू' निघाले. दोनदा पाय, एकदा टाळी. गिटार येते ती अगदी अखेरीस. आम्ही मोर्चे काढले आहेत. लांबलचक घोषणा मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, आखूड ठेका पोचतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेख ह्यांनी सभाच्या सभा उठवल्या. शाहीर एक, पण 'जी जी' साऱ्या मांडवाची! आज क्रीडांगणावर क्वीनचा ठेका धरणाऱ्या कित्येक पोरांना बँडचे नावही ठाऊक नसते.

मात्र एक गोष्ट आम्हांस खुपते. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट होती, म्हणून तेथील सन सिटीत वाजवू नये असा ब्रिटनच्या म्युझिशियन्स युनियनचा दंडक होता. ऑक्टोबर 1984 मध्ये क्वीनने तो मोडला. युनियनने दंड ठोठावला; संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत नाव गेले. आपला राजकारणाशी संबंध नाही, हा त्यांचा बचाव. संप फोडून गेटातून आत जाणाराही हेच सांगतो. पण त्याच्या घरी चूल विझलेली असते. ह्यांची कोणती विझली होती?

पुढे 13 जुलै 1985 रोजी इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेंब्ली मैदानावर जलसा झाला. क्वीनला जेमतेम वीस मिनिटे मिळाली. 'रेडिओ गा गा' सुरू झाले आणि सुमारे 72,000 माणसांचे हात एकाच टाळीला वर गेले.