बर्फाचा चष्मा आणि सातपुड्यातली थंडी

हेडफोन लावलेत ना? आज आपण तोरणमाळला जातोय. फिरायला नाही हं.

तोरणमाळ म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं, अक्राणी म्हणजेच धडगाव तालुक्यातलं थंड हवेचं ठिकाण. शहाद्याहून पन्नासेक किलोमीटर, सात पायरीचा घाट चढायचा आणि साधारण ११५० मीटर उंचीवर पोचायचं. यशवंत तलाव, सीताखाई, गोरक्षनाथाचं मंदिर. डिसेंबरात लोक मुद्दाम थंडी खायला येतात, रील्स करतात. पण तीच थंडी इथल्या काही घरांत दबक्या पावलानं येते आणि पोराच्या हातापायांत, पाठीत, छातीत असह्य कळा उठवते. सिकलसेल. भिल्ल आणि पावरा समाजात हा आजार पिढ्यान्पिढ्या आहे.

आणि आता दुसरं टोक. व्हर्च्युअल रिॲलिटीचा, म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या त्या जाड चष्म्याचा, औषध म्हणून झालेला सगळ्यात गाजलेला वापर कुठला? दुखणं कमी करण्याचा. आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं जग कसलं? बर्फाचं. मला ही गोष्ट वाचली तेव्हा हसू आलं आणि मग विचार करत बसलो. थंडीनं ज्याचं दुखणं उठतं, त्याला तुम्ही बर्फ दाखवणार?

तर सुरुवात करू अमेरिकेतल्या सिएटलपासून. तिथे वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. नव्वदच्या दशकात ते आणि त्यांचे सहकारी चक्क कोळ्यांच्या भीतीवर काम करत होते. कोळी म्हणजे जाळी विणणारे, आठ पायांचे. चष्म्यात एक संगणकी स्वयंपाकघर दिसायचं, त्यात कोळी. भीती वाटणाऱ्या माणसाला हळूहळू त्याच्या जवळ न्यायचं. त्याच शहरात हार्बरव्ह्यू नावाचं दवाखान्याचं मोठं बर्न सेंटर आहे, आणि तिथे डेव्हिड पॅटरसन भाजलेल्या रुग्णांच्या वेदनेवर काम करायचे. भाजलेल्या माणसाचं खरं हाल कुठे होतं, माहितीये? जखम धुताना. पट्टी बदलताना. आडवं पडून असताना मॉर्फिनसारखी औषधं बऱ्यापैकी काम करतात, पण जखमेला हात लागला की ती अपुरी पडतात. आणि हे रोज, आठवडेच्या आठवडे.

१९९६ साली दोघांनी हातमिळवणी केली. पहिले रुग्ण होते दोन मुलगे, एक सोळा वर्षांचा, एक सतरा. गंमत म्हणजे तेव्हा त्यांच्यासाठी वेगळं जग तयारच नव्हतं. तेच कोळ्याचं स्वयंपाकघर दाखवलं. जखमेवर काम चालू असताना थोडा वेळ साधा व्हिडिओ गेम, थोडा वेळ हा चष्मा. चष्म्यात असताना दुखणं बरंच कमी वाटलं. २००० साली तो निबंध छापून आला. आणि मग खास भाजलेल्यांसाठी 'स्नोवर्ल्ड' बनलं: बर्फाची दरी, खाली नदी, हिममानव, पेंग्विन, आणि तुम्ही तरंगत जाता-जाता बर्फाचे गोळे मारताय. आगीने भाजलेल्याला बर्फ. डोक्यात लगेच बसतं, नाही का?

हे चालतं कसं? यात जादू काही नाही. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं होतं की वेदनेचा निरोप थेट मेंदूत जाऊन आदळत नाही. वाटेत पाठीच्या कण्यात एक फाटक असल्यासारखं असतं, आणि वरून मेंदूही ते कमी-जास्त उघडतो. भीती, लक्ष, आठवण, सगळ्याचा त्यावर हात असतो. लक्ष म्हणजे आपल्याकडची मर्यादित रक्कम समजा. समोरच्या जगानं त्यातली बरीच खर्च करून टाकली, तर वेदनेला द्यायला थोडीच उरते. कापणी ऐन भरात असताना बोटाला विळा लागतो आणि कळतं संध्याकाळी, हा अनुभव आपल्या घरच्यांनी कितीदा सांगितलाय. २००४ मध्ये हॉफमन यांच्या गटानं निरोगी स्वयंसेवकांना सोसवेल असा चटका देत मेंदूचं स्कॅनिंग केलं. चष्मा लावल्यावर वेदनेशी जोडलेल्या भागांतली हालचाल स्पष्ट घटली होती. म्हणजे माणूस नुसता 'बरं वाटतंय' म्हणत नव्हता.

आता विळा आलाच आहे, तर सिकलसेलकडे वळू. सिकल म्हणजे विळा. गोल, मऊ असायला हवी ती लाल रक्तपेशी ऑक्सिजन सोडला की ताठरते, विळ्यासारखी वाकते आणि बारीक नळ्यांत अडकते. पुढे रक्त पोचत नाही, आणि कळ सुरू होते. डॉक्टर त्याला 'क्रायसिस' म्हणतात. थंडी, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, अतिश्रम, कशानंही ती उठू शकते.

वैद्यकाच्या पुस्तकात ही पेशी आली १९१० साली. शिकागोत जेम्स हेरिक यांनी वॉल्टर क्लेमेंट नोएल या रुग्णाची नोंद छापली. नोएल ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला तरुण. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५२ मध्ये भारतात निलगिरीच्या आदिवासींत ही पेशी सापडल्याचं छापून आलं. आणि मग महाराष्ट्रात डॉ. सुदाम काटे यांच्यासारख्या माणसांनी आदिवासी भागांत वर्षानुवर्षं रक्ततपासणीचं काम केलं. त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. लक्षात ठेवा, हा आजार लागट नाही. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो, उलट मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. म्हणूनच तर हा गुण मलेरियाच्या पट्ट्यांत टिकून राहिला.

एक तारखेचा योगायोग सांगतो. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालं १ जुलै २०२३ ला. बरोबर पंचवीस वर्षं. अभियानाचं उद्दिष्ट आहे ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी. चांगलंच आहे. पण तपासणीनं कळतं की आजार आहे. कळ उठली त्या रात्रीचं काय?

सिकलसेलच्या वेदनेची एक वाईट गोष्ट अशी की ती दिसत नाही. भाजलेलं दिसतं, हाड मोडलेलं दिसतं. हे पोर वरून धडधाकट दिसतं आणि किंचाळतं. 'नाटक करतोय', 'शाळा बुडवायचीय' हे ऐकून घेणारे रुग्ण जगभर आहेत. अमेरिकेतल्या आपत्कालीन कक्षांतसुद्धा त्यांना गोळ्यांच्या व्यसनी माणसासारखं वागवलं जातं.

अमेरिकेतच, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या मुलांच्या दवाखान्यात, सिकलसेलची कळ उठून भरती झालेल्या ३० रुग्णांवर हा चष्मा वापरून पाहिला. २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. पंधरा मिनिटांचं सत्र, आणि त्यानंतर वेदना कमी झाल्याचं रुग्णांनी सांगितलं. छोटा अभ्यास आहे, त्यावरून फार उड्या मारू नयेत. पण जग कुठलं निवडलं होतं? समुद्राखालचं. बर्फ नाही! मला यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. यंत्र तेच, पण चित्र आजाराप्रमाणे बदलावं लागतं. मग ते माणसाप्रमाणेही बदलायला नको का?

कारण समुद्र हे ओकलंडच्या मुलांचं जग आहे. सातपुड्यातल्या पावरा पोरानं समुद्र पाहिलेला असेलच असं नाही, आणि एकदम पाण्याखाली नेलं तर घाबरायचं. त्याच्या ओळखीचं आहे मोहाचं झाड, तलावाचा काठ, होळीचा ढोल. सूचनाही 'स्टार्ट' आणि 'लुक लेफ्ट' अशा नकोत, पावरीत हव्यात. शून्य ते दहापैकी किती दुखतंय, हा प्रश्न तरी त्याला कळेल अशा शब्दांत कुणी विचारला पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, एवढं महागडं यंत्र डोंगरात कोण नेणार? १९९६ ला हा प्रश्न बरोबर होता. तेव्हाच्या संगणकाची आणि चष्म्याची किंमत एखाद्या छोट्या दवाखान्याला परवडण्यातली नव्हती. २०१४ मध्ये गुगलनं पुठ्ठ्याचा चष्मा आणला: घडी घातलेला पुठ्ठा, दोन भिंगं, आत तुमचाच फोन. तो प्रकल्प पुढे बंद पडला, चित्रही त्यात साधंच दिसायचं, पण एक गोष्ट सिद्ध झाली की निम्मं यंत्र आपल्या खिशातच आहे. आणि एकदा फोनमध्ये उतरवून घेतलं की चित्र बघायला रेंज लागत नाही. डोंगरात राहणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

तरी एक सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कुणीतरी फीत कापून फोटो काढून मोकळं होईल. हा चष्मा पेशी सरळ करत नाही. कळ वारंवार उठू नये म्हणून हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध आहे. १९९५ च्या मोठ्या चाचणीत त्यानं प्रौढ रुग्णांच्या क्रायसिस जवळजवळ निम्म्यावर आणल्या. ते नेमानं मिळायला हवं, भरपूर पाणी हवं, ऊबदार पांघरूण हवं, आणि रात्री झोळीत घालून खांद्यावरून न्यायची वेळ येणार नाही असा रस्ता हवा. छातीत दुखतंय, ताप आहे, तर चष्मा बाजूला आणि गाडी आधी. चष्म्याची जागा आहे मधल्या तासांत: सलाईन लागलंय, इंजेक्शन दिलंय, ते चढेपर्यंत पोर कण्हतंय आणि आई नुसती बघत बसलीय, त्या वेळात. चष्म्याचा स्पंज दर रुग्णानंतर पुसायचं काम मात्र कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा.

आणि चित्रासाठी कुठल्या स्टुडिओची वाट बघायची गरज नाही. चहूबाजूंचं एकदम टिपणारे ३६० अंशांचे छोटे कॅमेरे आता बाजारात मिळतात. ऐकणाऱ्यांत कुणी तोरणमाळ, धडगाव, मोलगीकडचं असेल तर यशवंत तलावाच्या काठी पंधरा मिनिटं शूट करून बघा. गुरं पाण्यावर आलेली, पोरं उड्या मारतायत, मागे ढोल. फक्त एक करा, शूटिंग भर दुपारी ठेवा. त्या पोराला चित्रात ऊन दिसलं पाहिजे.