कोरड्या दाताची कुळकथा

दात भरताना डॉक्टरांना सगळ्यात जास्त छळते ती लाळ. माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि तोंडात काही परकं शिरलं की तिचा जोर आणखी वाढतो. त्यात ड्रिलमधून उडणारं पाणी, मध्येमध्ये येणारी जीभ, आत ओढला जाणारा गाल आणि थोड्याच वेळात दुखायला लागणारा जबडा. या सगळ्यांचा एकाच वेळी बंदोबस्त करणारी एक मऊ, अर्धपारदर्शक वस्तू गेल्या वीसेक वर्षांत काही दवाखान्यांत दिसू लागली आहे. तिला सक्शन माउथपीस म्हणतात.

ती हातात घेऊन पाहण्यासारखी आहे. दाढांमध्ये धरायचा एक ठोकळा, म्हणजे बाईट ब्लॉक. त्याच्या आतल्या अंगाला जीभ दूर ठेवणारं पातं, बाहेरच्या अंगाला गाल सरकवणारं दुसरं पातं आणि या दोन्हींना सांधणारा, शेवटच्या दाढेमागून वळून घशापुढे आडवा राहणारा पडदा. सगळं इतकं लवचिक की गालाकडचं पातं दुमडून आत सरकवायचं आणि जागेवर गेलं की सोडून द्यायचं. पाती दुहेरी असतात. दोन पापुद्र्यांमध्ये पोकळी आणि कडेनं बारीक छिद्रं, पोकळी थेट दवाखान्याच्या मोठ्या सक्शनला जोडलेली. पागोळ्यांखाली लावलेल्या पन्हळीसारखी ही कड आलेलं पाणी लांबीभर झेलते आणि वाहून नेते. कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरा इथल्या आयसोलाइटचं नाव यात आधी गाजलं. त्यात दिवाही होता, त्याचा उजेड या अर्धपारदर्शक तुकड्यातून तोंडभर पसरायचा.

अशा वस्तूसाठी पेटंटचा अर्ज येतो तेव्हा परीक्षकाला एकच गोष्ट शोधायची असते: यातलं आधी कुणी काय केलं होतं? मला हा शोध कायद्याच्या किचकटपणापेक्षा फार मोठा वाटतो. दीडशे वर्षं निरनिराळ्या माणसांनी एकेक अडचण सोडवली, त्यांतल्या अनेकांची नावंही आता कुणी घेत नाही, आणि तरी त्यांच्या जुळणीतूनच ही वस्तू उभी आहे.

गोष्ट सुरू होते सोन्यापासून. 1855 मध्ये रॉबर्ट आर्थर या अमेरिकन दंतवैद्यानं सोन्याचा वर्ख आचेवर तापवून वापरण्याची रीत मांडली. तापवल्यावर वर्खाचा पृष्ठभाग स्वच्छ होतो आणि त्याचे तुकडे दाताच्या पोकळीत एकावर एक दाबले की थंड अवस्थेतच एकजीव होतात. असं भरलेलं सोनं वर्षानुवर्षं टिकायचं. पण दोन थरांमध्ये लाळेचा एक थेंब आला की सांधा धरत नसे आणि सगळं पुन्हा उकरावं लागे. काम मात्र सावकाशीचं. चिमट्यानं वर्खाचा तुकडा उचलायचा, ज्योतीवरून न्यायचा, ठेवायचा, ठोकायचा, पुन्हा पुढचा. एवढा वेळ दात कोरडा ठेवायला डॉक्टरांकडे होत्या फक्त कापडाच्या घड्या, त्याही बोटांनी दाबून धरायच्या. घडी भिजली की बदलायची, आणि बदलताना दात ओला.

यावर तोडगा काढला न्यूयॉर्क राज्यातल्या माँटिचेलो इथल्या सॅनफर्ड ख्रिस्ती बार्नम या तरुण दंतवैद्यानं. तारीख 15 मार्च 1864 अशी सांगितली जाते. त्यानं रबराच्या पातळ तुकड्याला भोक पाडलं, त्यातून दात वर काढला आणि रबर दाताच्या मानेभोवती घट्ट बसू दिलं. लाळ रबराखाली राहिली, दात वर कोरडा. हाच रबर डॅम. पुढे 1882 मध्ये भोकं पाडायचा पंच बाजारात आला आणि त्याच वर्षी डेलस पामर यांनी निरनिराळ्या दातांना बसतील असे धातूचे क्लॅम्प आणले. आज रूट कॅनॉल करताना वापरतात तो रबर डॅम मूळ कल्पनेत बार्नमचाच आहे.

बार्नमनं ही युक्ती आपल्या व्यवसायबंधूंना मोफत देऊन टाकली. या गोष्टीचं मोल कळायला त्याच वर्षी, त्याच देशात, रबराच्याच बाबतीत दुसरं काय घडलं ते पाहावं लागतं. 7 जून 1864 रोजी बॉस्टनच्या जॉन कमिंग्स यांना व्हल्कनाइट म्हणजे कडक रबराच्या कवळीचं पेटंट मिळालं. हा अर्ज अनेकदा नाकारला गेला होता. हक्क गेले गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीकडे, आणि तिच्या जोसाया बेकन या खजिनदारानं देशभरातल्या दंतवैद्यांकडून परवान्याची फी आणि कवळीमागे रॉयल्टी वसूल करण्याचा धडाका लावला. न देणाऱ्यांवर खटले. कवळ्या आधीही होत्या, सोन्याच्या, कथिलाच्या, गटापर्चाच्या. मग नुसता पदार्थ बदलला तर तो शोध कसा, असा दंतवैद्यांचा सवाल होता. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नुसत्या पदार्थबदलाला शोध म्हणता येत नाही हे न्यायालयानं मान्य केलं, पण हिरडीला बरोबर बसणारी, दातांसकट एकसंध घडणारी ही कवळी म्हणजे नवीच वस्तू आहे असं ठरवून पेटंट कायम ठेवलं. बेकनचा पाठलाग चालूच राहिला. 13 एप्रिल 1879 रोजी, ईस्टरच्या रविवारी, सॅन फ्रान्सिस्कोतल्या हॉटेलात सॅम्युअल चॅल्फंट या दंतवैद्यानं त्याला गोळी घातली. चॅल्फंटला दहा वर्षांची शिक्षा झाली. 1881 मध्ये पेटंटची मुदत संपली आणि कडक रबर सगळ्यांचं झालं.

एकाच वर्षातली ही दोन रबरं. खुनाचं समर्थन कुणीच करणार नाही, मीही नाही. पण बार्नमचा मोठेपणा मला त्या रक्तरंजित प्रकरणाशेजारी ठेवल्यावरच पुरता दिसतो.

रबर डॅम लाळ अडवतो, पण ती काढून टाकत नाही. खाली साचलेली लाळ ओढून घेणारी वाकडी नळी, सलाइव्हा इजेक्टर, 1880 च्या दशकात दवाखान्यांत आली. तिच्यामागचं तत्त्व जुनं होतं. पाण्याची धार अरुंद गळ्यातून वेगानं गेली की तिथला दाब कमी होतो आणि बाजूच्या नळीतलं काहीही आत ओढलं जातं. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ व्हेंचुरी यांनी 1797 मध्ये यावर लिहिलं होतं, आणि 1868 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन यांनी पाण्यावर चालणारा पंप प्रयोगशाळेत गाळणीसाठी वापरला होता. दंतवैद्यानं तो खुर्चीशेजारच्या नळाला जोडला आणि नळीचं टोक रुग्णाच्या खालच्या ओठावर अडकवलं. पिकदाणीत वाकून थुंकणं त्यानं संपलं नाही, कमी झालं.

बाईट ब्लॉकचा उगम मात्र भुलीत आहे. 1844 मध्ये होरेस वेल्स यांनी दात काढताना नायट्रस ऑक्साइड वापरला. भुलीतला रुग्ण जबडा मिटतो, म्हणून दातांमध्ये ठोकळा ठेवण्याची गरज पुढच्या काळात भासू लागली. दात घशात पडू नये म्हणून मागे कापडाचा पडदा ठेवण्याची काळजीही त्याच कामातली. सक्शन माउथपीसमधला घशापुढचा पडदा तीच काळजी घेतो.

पुढची सत्तर-ऐंशी वर्षं हे सगळं आपापल्या जागी चालू राहिलं. खरी उलथापालथ 1957 मध्ये झाली, जॉन बोर्डन यांच्या एअरोटरनं. मिनिटाला अडीच लाखांहून जास्त फेरे घेणारं हे टर्बाइन. एवढ्या वेगात दात तापतो आणि आतली नस मरू शकते, म्हणून पाण्याचा फवारा अटळ झाला. (किती तापलं तर चालतं, याचं उत्तर झॅक आणि कोहेन यांनी 1965 मध्ये माकडांवरच्या प्रयोगातून दिलं. नसेचं तापमान साडेपाच अंश सेल्सिअसनं वाढलं तर सुमारे 15 टक्के दातांची नस पुन्हा सावरली नाही.) याच सुमारास रुग्ण खुर्चीत बसण्याऐवजी आडवा झोपू लागला. आता पाणी ओठांकडे न येता घशाकडे जाणार, आणि तेही लाळेच्या कितीतरी पट. बारीक नळी इथे तोकडी पडली. एल्बर्ट थॉम्पसन यांनी 1950 च्या दशकात पाणी सोडत राहायचं आणि मोठ्या तोंडाच्या जोरदार सक्शननं ते लगेच खेचून घ्यायचं, ही पद्धत मांडली. आज मदतनिसाच्या हातात असते ती जाड नळी या पद्धतीतूनच आली.

अडचण एवढीच की ती धरायला एक माणूस लागतो, आणि त्याचे दोन्ही हात जीभ नि गाल सांभाळण्यात अडकतात. म्हणून मग नळीलाच हातांची कामं देण्याचे प्रयत्न सुरू झाले. पेटंटच्या दृष्टीनं सगळ्यात जवळचे पूर्वज हेच. स्वेडॉप्टर ही धातूची सक्शन नळी. तिला उभं, चकचकीत पातं असतं, ते जिभेला खालच्या दाढांपासून दूर धरतं. काम चोख, पण जबड्याच्या आतल्या बाजूच्या नाजूक त्वचेला धातू टोचतो. हायगोफॉर्मिकमध्ये प्लास्टिकची नळीच वेटोळी करून जीभ अडवायला वापरली, म्हणजे टोचणं कमी. आणि व्हॅक-इजेक्टरमध्ये बाईट ब्लॉक, जिभेचं पातं आणि जोराचं सक्शन एकत्र आलं होतं. दंतवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत ही साधनं एकाच प्रकरणात शेजारीशेजारी शिकवली जातात.

मग सक्शन माउथपीसमध्ये नवं काय उरलं? ठोकळा जुना, पातं जुनं, सक्शन जुनं, घशाचा पडदा जुना. माझ्या मते नवेपण सांध्यात आहे. जिभेपासून गालापर्यंत एकच लवचिक, दुपदरी तुकडा. ओढ बसली तरी आतली पोकळी न मिटण्याची सोय. आणि ओढ एका टोकाशी न ठेवता कडेनं वाटून देणं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. एकाच भोकाला गालाची त्वचा चिकटली की सक्शन बंद पडतं आणि त्वचेला इजा होते. छिद्रं अनेक असली की एक बुजलं तरी बाकीची चालू राहतात. एवढ्यावर कुणी हक्क मागितला तर तो त्याला मिळावा. मात्र 'जीभ आवरणारं, सक्शन असलेलं तोंडातलं कोणतंही साधन' अशा ढगळ शब्दांत कुणी सगळं अंगण आपल्या नावावर करू पाहिलं, तर ते थांबवलंच पाहिजे.

भारतीय पेटंट कायद्यात यासाठी नेमकं कलम आहे. माहीत असलेली साधनं नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक साधन आपलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत राहिलं, तर 1970 च्या कायद्याचं कलम 3(फ) त्याला शोध मानत नाही. अमेरिकेतही 2007 च्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या निकालानं जुन्या भागांच्या सरधोपट जुळणीला पेटंट मिळणं अवघड केलं.

आपल्याला हे सगळं दूरचं वाटू नये. हळदीनं जखम भरण्यावर 1995 मध्ये अमेरिकेत दिलेलं पेटंट 1997 मध्ये रद्द झालं, ते डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरनं जुने पुरावे समोर ठेवले म्हणून. त्या पुराव्यांत 1953 सालचा, एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेख होता. छापलेलं पान आणि त्यावरची तारीख, एवढ्यानं काम झालं.

म्हणून दंत महाविद्यालयांच्या ग्रंथपालांना आणि जुन्या डॉक्टरांना एक विनंती. उपकरणांचे जुने कॅटलॉग, कंपन्यांची माहितीपत्रकं, पन्नास वर्षांपूर्वीची नियतकालिकं रद्दीत देऊ नका. कालबाह्य म्हणून ती क्लिनिकमध्ये निरुपयोगी असतील, पण पेटंट मिळण्याआधी कलम 25(1) खाली कोणीही लेखी विरोध नोंदवू शकतो, आणि तिथे स्वेडॉप्टरसारख्या एखाद्या नळीचं चित्र छापलेलं, साल असलेलं एक पानही पुरावा म्हणून चालतं.